साळवे मिस्त्रींचं माप

साळवे मिस्त्री गाडीच्या आधी गाडीवाल्याचे पाय बघत. थट्टा नाही करत. नागापूरला एमआयडीसीच्या कुंपणाबाहेर त्यांची पत्र्याची शेड होती. मी कंपनीची जीप घेऊन पहिल्यांदा तिथं गेलो, तर बॉनेट उघडायचं सोडून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, बूट काढा. मोजे बी काढा. आन पँट घ्या वर." मी नुकताच इंजिनिअर होऊन मेंटेनन्स खात्यात लागलो होतो. नगरच्या उन्हात टाय लावून हिंडायचो, यावरून काय ते ओळखा. चार लोकांत पँट वर घ्यायची म्हणजे मला मोठा अपमान वाटला. पण मिस्त्री हलेनात. हातात खडू घेऊन नुसते वाट बघत राहिले. शेवटी काढले बूट.

मग त्यांनी मला जीपच्या बंपरशेजारी उभं केलं. इंजिन ज्या तोंडातून हवा ओढतं, त्याला ते गाडीचं नाक म्हणत. त्या नाकाच्या उंचीवर त्यांनी एक लोखंडी पट्टी आडवी धरली, ती माझ्या पायापर्यंत आणली, चार बोटं खाली मोजली आणि तिथं खडूनं रेघ मारली. पहिल्या दिवशी ती रेघ माझ्या मांडीवर आली होती.

"हे तुमचं माप," ते म्हणाले. "फरशी पुलावर पानी दिसलं की गाडी हुबी करायची. आधी तुमी सोता पान्यात उतरायचं. रेघेपातुर पानी आलं तर माघारी फिरायचं, मग पलीकडं कुनी का वाट बघत असंना. आन ही चार बोटं सोडल्यात ती लाटंसाठी. गाडी चालली की म्होरं लाट उठती. ती लाट नाकात गेली की इंजिन पानी पितंय आन खलास हुतंय."

"अहो, पण पट्टीनं मोजता येईल की," मी शहाणपणा केला.

"पट्टी येळंवर सापडत न्हाई साहेब. पाय सापडतो."

त्यांचं सगळं असं होतं. उत्तम साळवे हे पूर्ण नाव मला कितीतरी दिवसांनी कळलं, कारण एमआयडीसीत सगळे नुसतं मिस्त्री म्हणत. मूळचे पारनेर तालुक्यातले. अंगानं वाळकुडे, कानावर पेन्सिल, खिशात खडू. एका गाडीला दोन चालवणारे असले की ते दोघांचंही माप वेगळं घेत. "एकाचा पाय दुसऱ्याला चालत न्हाई" असं बजावत. एका बागाईतदारानं स्वतः यायच्या ऐवजी गडी पाठवला, तर मिस्त्रींनी त्या गड्याला चहा पाजून परत धाडलं आणि गाडीला हात लावला नाही. मी म्हटलं, माप निदान डॅशबोर्डवर लिहून तरी ठेवा. तर म्हणाले, "लिवलेलं मानूस वाचत न्हाई. पायावरचं इसरत न्हाई." आज मिस्त्री नाहीत, जाऊन बरीच वर्षं झाली. पण खरंच सांगतो, ते पायावरचं मी अजून विसरलेलो नाही.

आता गार हवेचं सांगतो. ती माझीच हौस. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. कुठल्याशा इंग्रजी मासिकात मी शर्यतीच्या गाडीचं चित्र पाहिलं. इंजिनाजवळची तापलेली हवा घेण्याऐवजी त्या गाडीला पुढून, बंपरच्या मागून, खालची गार हवा ओढणारा पाइप होता. गार हवा मिळाली की इंजिन जास्त जोर धरतं, हे शास्त्र मला ठाऊक होतं. आमची पेट्रोलची जीप उन्हाळ्यात पारनेरकडच्या चढाला अगदी रडकुंडीला यायची. ते मासिक घेऊन मी शेडवर गेलो.

मिस्त्रींनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "कल्पना ब्येस हाय," म्हणाले. "पण साहेब, गार हवा खाली मिळती, आन पानी बी खालीच असतंय."

मी हट्टच धरला. चार दिवस रोज जाऊन बसलो. शेवटी ते तयार झाले, आणि एकदा तयार झाल्यावर मात्र त्यांनी काम असं केलं की बघत राहावं. पाइप त्यांनी दोन तुकड्यांत केला. खालचा तुकडा उन्हाळ्यासाठी. पावसाळ्यात तो काढायचा आणि वरच्या तुकड्याचं तोंड बॉनेटखाली उंचावर फिरवून ठेवायचं. "मिरगाच्या आधी माझ्याकडं यायचं, मी नाक वर करून दीन," असं त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग बूट काढायला लावले. या वेळी रेघ खाली आली, माझ्या गुडघ्याच्या खाली दोन बोटं.

"ध्येनात ठेवा. गुडघ्याच्या खाली दोन बोटं. आन तरीबी गाडी पान्यात बंद पडलीच, तर चावीला हात लावायचा न्हाई. ढकलून भाईर काढायची आन मला बोलवायचं. आत पानी असताना चावी फिरवली की रॉड वाकतो. न्हाई फिरवली तर इंजिन वाचतंय."

जीप चढाला अशी धावायला लागली की काय विचारता! पाहता पाहता नगर, राहुरी, पारनेरच्या जीपवाल्यांत त्या पाइपचं नाव झालं. त्या उन्हाळ्यात मिस्त्रींनी वीस-बावीस गाड्यांना तो बसवला असेल. शेडबाहेर पँट वर घेऊन उभ्या असलेल्या बड्या बड्या लोकांची रांग पाहायला मला फार मजा यायची.

याच सुमारास आमच्या कंपनीनं गाड्यांसाठी कायमचा मेकॅनिक ठेवायचं ठरवलं. मी साळवे मिस्त्रींचं नाव दिलं. मॅनेजर साहेबांनी शेडवर येऊन काम पाहिलं, खूश झाले, ऑर्डर टाईप झाली. फक्त सही राहिली होती. मिस्त्रींना मी ते सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "चौदा वरसं ह्या कुंपनाच्या भाईर बसलोय साहेब," म्हणाले. "आता गेटवरनं पास दाखवून आत जायचं. आमच्या कमलला खरं वाटायचं न्हाई." कमलबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डब्यातून शेंगदाण्याची पोळी पाठवली होती. मी ती चवीनं खाल्ली. 

मे महिन्याच्या अखेरीला एका रविवारी मी राहुरीच्या पलीकडे मुलगी पाहायला निघालो. मॅनेजर साहेबांना विचारून जीप घेतली होती. सोबत माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. दाजी सहा फूट उंच, आणि मी पाच फूट तीन इंच. अंगात नवी पांढरी पँट, पायात कोरे बूट. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झोडपून गेला होता. गाव मैलभरावर राहिलं आणि समोर ओढा. फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं.

मी जीप उभी केली. इथपर्यंत मी मिस्त्रींचा शहाणा शिष्य. मग खाली पाहिलं तर ती पांढरी पँट! चिखलानं माखलेल्या पायांनी मुलीच्या घरी जायचं? दाजी म्हणाले, "तू बस रे नवरदेवा. मी बघून येतो." आणि पायजमा खोचून उतरलेसुद्धा. मी स्टेअरिंगवर बसून राहिलो. पुलाच्या मध्यावरून त्यांनी ओरडून सांगितलं, "गुडघ्याच्या खाली आहे! चांगलं तीन बोटं खाली! आण गाडी!"

मला हवं होतं दोन बोटं, आणि इथं तर तीन. मी खुशाल गाडी घातली.

मध्यावर पोचलो आणि इंजिनानं गचका खाऊन मान टाकली. दाजी म्हणाले, "मार स्टार्टर." मी मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आतून 'खाड्' असा आवाज आला आणि सगळं थंड झालं. शेवटी त्याच पाण्यात उतरून जीप ढकलावी लागली, आणि ती पांढरी पँट मांडीपर्यंत तांबडी करून मी मुलीच्या दारात उभा राहिलो. मुलीनं तोंडाला पदर लावला. तरीही लग्न जमलं, हे तिचे उपकार.

सोमवारी जीप ओढून शेडवर आणली. मिस्त्रींनी इंजिन खोललं. मॅनेजर साहेब बाजूला उभे होते, मीही होतो. वाकलेला रॉड हातात धरून मिस्त्री किती तरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "साहेब, पान्यात कोन उतरलं हुतं?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दाजींचा गुडघा आणि माझा गुडघा! त्यांच्या गुडघ्याखाली तीन बोटं म्हणजे माझ्या गुडघ्याच्याही वर पाणी. एकाचा पाय दुसऱ्याला चालत नाही, हे मला त्यांनी बजावून बजावून सांगितलं होतं. आणि मॅनेजर साहेब माझ्याकडे पाहत होते.

"मीच," मी म्हटलं.

"रेघेच्या खाली हुतं पानी?"

"हो. खालीच होतं."

"आन चावी फिरवली का?"

"नाही."

दिलेली तिन्ही उत्तरं खोटी, आणि तीही एका दमात. मी काही अट्टल खोटारडा नव्हतो हो. फार तर काय झालं असतं? एखादा मेमो मिळाला असता, साहेब चार शब्द बोलले असते. पण नवी नोकरी, कंपनीची जीप, ती खासगी कामासाठी नेलेली. घाबरलो. दुसरं काही नाही, नुसता घाबरलो.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा संशय आला असता तरी मला बरं वाटलं असतं. तो आला नाही. त्यांनी रॉड फडक्यावर ठेवला आणि मॅनेजर साहेबांकडे वळून म्हणाले, "मग माझं माप चुकलं साहेब. पाइप खाली बसला."

ऑर्डरवर सही झाली नाही. पुढच्या महिन्यात पुण्याहून दुसरा माणूस आला, गेटवर पास दाखवून आत गेला. मी रोज त्याच्याशी बोलायचो. चांगला होता बिचारा.

पण नोकरी गेली ते एक वेळ राहू द्या. खरं नुकसान त्याच्या पुढचं आहे, आणि ते सांगायला मला आजही जड जातं. मिस्त्रींनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आपल्या हातावरचा काढून घेतला. मृग तोंडावर आलेला. त्यांनी शेड बंद केली, सायकलच्या हँडलला हत्यारांची पिशवी अडकवली आणि त्या वीस-बावीस गाड्यांच्या दारोदार हिंडायला लागले. प्रत्येकाचा पाइप काढायचा, नाक आणखी वर करून द्यायचं, तेही फुकट. लोक विचारत, "का हो मिस्त्री, चांगला चाललाय की." हे सरळ सांगत, "माझं माप चुकतंय." आता मला सांगा, जो मिस्त्री स्वतःच्या तोंडानं माझं माप चुकतंय म्हणतो, त्याच्याकडे गाडी कोण आणेल? एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दिवाळीपर्यंत शेडवर कुत्रंही फिरकेना.

मधे एकदा ते माझ्याकडेही आले. दुपारच्या सुट्टीत मला गेटबाहेर बोलावलं. "साहेब, जरा बूट काढता का? कुठं चुकलं तेवढं घावंना." जीप दुरुस्त होऊन आली होती, गेटबाहेरच उभी होती. जुना पाइप त्यांनी पिशवीतून आणला होता. तो लावला, पट्टी धरली, रेघ मारली. गुडघ्याच्या खाली दोन बोटं. पुसली, परत मोजलं. तेवढीच. तिसऱ्यांदा मोजलं. मग खाली बसल्या बसल्या माझ्याकडे वर पाहून हसले, "तुमी काय उंच-बिंच झालेलं दिसत न्हाई."

तेव्हा सांगायचं होतं मला. आसपास कुणी नव्हतं, साहेब नव्हते. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि मी, काय करंटा माणूस, बूट घालून आत निघून गेलो. खडू खिशात टाकून ते सायकलकडे चालले होते, तेवढं मी गेटमधून पाहिलं.

पुढच्या वर्षी शेडचे पत्रे उतरवले गेले. मिस्त्री गावी गेले म्हणून कळलं.

पाच वर्षं मी काही केलं नाही. लग्न झालं, बढती मिळाली. एकदा घरी पाहुणे जमले असताना दाजींनी त्या ओढ्याची गोष्ट रंगवून सांगितली. "पाण्यात उतरलो मी, आणि नवरदेव गाडीत बसून!" सगळे हसले. बायकोही हसली. पाहुणे गेल्यावर तिनं सहज विचारलं, "मग त्या मिस्त्रींना तुम्ही हे सांगितलं असेल ना?" मी पाहुण्यांच्या कपबशा गोळा करायला लागलो. तिला सगळं कळलं. ती मला रागावली नाही, पण पुढच्या रविवारी सकाळी माझे कपडे काढून ठेवले आणि म्हणाली, "पारनेरची एसटी आठला आहे."

गाव शोधायला वेळ लागला नाही. मिस्त्री घरापुढच्या अंगणात फवारणीचा पंप खोलून बसले होते. केस पार पांढरे झालेले. मला पाहून लगबगीनं उठले, "या, या साहेब! अगं, पानी आन." मी बसलोसुद्धा नाही. म्हटलं, बसलो तर परत राहून जाईल. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मिस्त्री, त्या दिवशी पाण्यात मी उतरलो नव्हतो. आमचे दाजी उतरले होते. तुमच्याशी खोटं बोललो मी. तुमचं माप चुकलं नव्हतं."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. एखादी थोबाडीत दिली असती तर ती मी आनंदानं खाल्ली असती.

"दाजी किती उंच?" त्यांनी विचारलं.

"सहा फूट."

"त्यांच्या कुठवर हुतं पानी?"

"गुडघ्याच्या खाली तीन बोटं."

मिस्त्री भिंतीपाशी जाऊन खाली बसले. सहा फुटी माणसाचा गुडघा कुठं येईल तिथं त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, माझा गुडघा कुठं येईल तिथं दुसरी, आणि मधली बोटं मोजली. ओठ हलत होते. मग माझ्याकडे वळले. "आन चावी?"

"फिरवली. तीनदा."

"तरीच!" ते जवळजवळ ओरडलेच. "तरीच रॉड तसा वाकला हुता! मला दिसत हुतं. पर तुमी न्हाई म्हनालात, मी म्हनलं माझेच डोळे गेले." आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "कमल! ए कमल! भाईर ये. साहेब काय म्हनत्यात ऐक. माप बरूबर हुतं माझं! साहेब, सांगा परत. हिच्यासमोर सांगा."

मी परत सांगितलं. कमलबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "पाच वरसं हे येता-जाता सोताचाच पाय मोजत्यात." तांब्या माझ्यापुढं ठेवून त्या आत गेल्या.

मिस्त्रींचं तिकडं लक्षही नव्हतं. कुंपणापलीकडच्या त्यांच्या थोरल्या भावाला त्यांनी हाक मारून बोलावलं. "दादा, आमचे साहेब आल्यात. ऐक, काय सांगत्यात." मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग रस्त्यानं ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या एका माणसाला थांबवून आत आणलं. कधीकाळी त्याच्या जीपलाही त्यांनी पाइप बसवला होता आणि मग काढून नेला होता. चेहरा इतका उजळलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, ऑर्डर टाईप झाली त्या दिवशीही नाही. माझा हात घट्ट धरून ते म्हणाले, "सांगा साहेब. ह्यान्ला बी सांगा."

त्या दिवशी मी ते चार वेळा सांगितलं. पाच वर्षांपूर्वी एकदाच सांगायचं होतं.